तळ्यावरची चाळिसावी खेप

लोफोटेनचा फोटो टाकला की लाइक्सचा पाऊस पडतो. घराजवळच्या तळ्याचा टाकला की पहिली कमेंट ठरलेली, "कुठलं लोकेशन?" सांगितलं की माणूस गप्प. यावर जरा बोलायचंय.

लोफोटेन म्हणजे नॉर्वेची बेटं, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. फेब्रुवारीत तिथे सूर्य फार चढतच नाही, त्यामुळे आपल्याला एरवी जेमतेम अर्धा तास मिळणारा तिरपा उजेड तिथे तासन्‌तास मिळतो. तिथल्या हॅम्नॉय गावच्या पुलावर पोचलो तर आधीच ट्रायपॉडची रांग! समोर लाल घरं, मागे सुळका. फोटो छान आला. न यायला काय झालं? निघण्याआधी तोच फोटो शंभर वेळा पाहिला होता. मी फक्त माझी प्रत काढून आणली.

तळ्याचं तसं नाही. तिथे एक वठलेलं झाड अर्धं पाण्यात उभं आहे. मला ते धुक्यात हवंय, मागचा काठ पूर्ण पुसलेला. त्यासाठी रात्री आभाळ मोकळं हवं, जमीन गार पडायला हवी, आणि वारा जवळपास पडलेला हवा. एकदा सगळं जुळलं, तर लेन्सच्या काचेवर दव धरलं आणि मला ते घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर कळलं. (हसा.) पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता आलं. हॅम्नॉयला पुन्हा कधी जाणार?

अमेरिकी फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन १९२९ पासून १९४८ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट लोबोसचे तेच खडक, तीच झाडं टिपत राहिला. दुसरा अमेरिकी फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स, त्याचं उदाहरण उलट वाटेल. १ नोव्हेंबर १९४१, दिवस फुकट गेलेला, परतीच्या वाटेवर न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र दिसला. उजेड मोजायचा लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून एक्सपोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, काढलं. दुसरा फोटो घेईपर्यंत गावच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. वाटेत गवसलेला फोटो खरा, पण तो हिशोब काही वाटेत शिकलेला नव्हता.

लांब जाऊ नका असं मी म्हणत नाही. सावलीत इतका निळा रंग असतो हे मला लोफोटेनच्या बर्फानेच दाखवलं. आता तळ्यावरही तो दिसतो, आधी डोळ्यांदेखत सुटत होता.

झाडाचा फोटो अजून मिळालेला नाही. पाणी उतरतंय. बुंध्याशी चिखल उघडा पडला की प्रतिबिंब तुटतं, म्हणजे यंदाचे फार तर दोन आठवडे हातात आहेत.