काडी कोणाची?

द्राक्षांवरच्या एका लेखात म्हटलंय, भारतात वनस्पतीला पेटंट नाही म्हणून परदेशी द्राक्षजाती इथे यायला कचरतात. अर्धंच खरं. पेटंट नसलं तरी २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे की! पण त्याच्या कलम ३९ प्रमाणे संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा शेतकरी राखू, पेरू, वाटू, विकू शकतो. फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. नाशिकमध्ये, आमच्या निफाडकडे, शेजाऱ्याच्या बागेतली काडी, म्हणजे वेलीच्या फांदीचा तुकडा, आणून डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळं धरलेल्या बुंध्यावर) कलम भरायचं हीच रीत. थॉमसन हा द्राक्षवाण असाच बांधाबांधानं पसरला. आता नव्या जातीच्या रोपांसोबत करारनामा येतो, त्यात काडी देणं बंद. शिवाय माल युरोपला गेला की तिथला वाणहक्क (वाण काढणाऱ्याचा त्यावरचा हक्क) लागू; आपलं कलम ३९ बंदरापर्यंतच. मग काडी मागायला आलेल्या पाहुण्यांना काय, वकिलाला विचारून सांगतो म्हणायचं?