शेगडीजवळची बादली विषारी वायू शोषत नाही

धुळे-नंदुरबारकडे थंडी वाढली की मोबाइलवर सल्ला फिरतो: बंद खोलीत शेगडी पेटवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा, विषारी वायू पाण्यात ओढला जातो. हे चूक आहे. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात विरघळतो नावापुरताच. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात शुद्ध वायूसुद्धा जेमतेम २३ मिलिलिटर मावतो. बादलीनं हवा थोडी दमट होते, इतकंच. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, धूर निदान डोळ्यांना झोंबतो. धूर थांबून लालबुंद झालेले निखारे जास्त फसवे, कारण या वायूला वासच नाही. शेकायचं ते अंगणात. झोपायच्या खोलीत शेगडी नकोच, खिडकीची फट पुरत नाही. राखेखालचे निखारेही रात्रभर धुमसतात. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी मोकळ्या हवेत या, मग १०८ लावा.