नव्वद हजारांची देशी एअर रायफल घ्यावी का? एका टर्नरचं मत

महिन्याभरात चौघांनी इनबॉक्समध्ये तोच प्रश्न टाकला. "पोरीला शूटिंगला घातलंय. सर म्हणतात, आता स्वतःची रायफल हवी. तुम्ही पुतणीला घेतली ती देशीच ना? घेण्यासारखी आहे का?" चौघांना अर्धंमुर्धं उत्तर दिलं, एकाचंही समाधान झालं नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सांगतो, मी नेमबाज नाही. माझा नेम गड्ड्यावरच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेतल्या फुग्यांपुरता. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर ती फुग्यांची फळी लागते बघा, तिथल्या बंदुकीची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) वाकडी असते हे सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे. आपले पैसे जातात आणि फुगे तसेच राहतात. आणि स्टॉलवाल्याचं दहा वर्षांचं पोरगं त्याच बंदुकीनं ओळीनं सहा फुगे फोडून दाखवतं. ती किती वाकडी आहे आणि कुठल्या बाजूला, हे त्याला पाठ असतं. हे पोरगं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझा धंदा लेथचा. चिंचोळी एमआयडीसीत छोटं शेड, २२ वर्षं लोखंड कापतोय. त्यामुळं रायफलीचा विषय निघाला तसा दादा म्हणाला, "तू बघ रे, तुला यातलं कळतं." वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. एवढ्या पैशात पोरीची दोन वर्षांची क्लासची फी निघते. खरं होतं, पण पोरगी हट्टाला पेटली होती.

कुठल्या रायफलीबद्दल बोलतोय तेही सांगतो, कारण लोक सगळं एकात एक करतात. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं, ते ५० मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये. त्यात पॉइंट टू टू बोअरची, खरं काडतूस उडवणारी रायफल लागते आणि तिला परवाना लागतो. आपली पोरं सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलनं, म्हणजे २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं सोनं आणलं तो प्रकार. दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छरा उडतो. छऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. गुणाकार केला तर साडेसात ज्यूलच्या आसपास ऊर्जा येते. २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या हवाई रायफलीला परवान्यातून सूट आहे. तरी बिल आणि क्लबचं कार्ड बॅगेत ठेवा. पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्यात बालेवाडीला स्पर्धेला जाताना ती लांबडी काळी बॅग बघून डब्यातल्या प्रत्येकाला प्रश्न पडतो.

आणि हो, साडेसात ज्यूल म्हणजे खेळणं नाही. डोळा जातो. गल्लीत कबुतरांवर चालवणाऱ्यानं माझ्याकडं सल्ला मागायला येऊ नये.

आता मुद्द्याचं. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ, स्टायर ही जर्मन-ऑस्ट्रियन मंडळी. आम्ही विचारलं तेव्हा नव्या परदेशी रायफलीचा आकडा तीन लाखांच्या पुढं सांगितला. देशी कारखान्यातली, दाबलेल्या हवेच्या सिलेंडरवर चालणारी, नव्वदच्या आत-बाहेर. माझा एक दोस्त म्हणाला, "काय बे, फुगं फोडायला नव्वद हजार?" आणि क्लबातल्या एका पालकानं उलट्या बाजूनं घाबरवलं, "देशी घेऊ नका, पोरीचं नुकसान कराल." दोघांचंही ऐकलं आणि रविवारी कागद, पेन आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन बसलो.

या खेळाचं टार्गेट कधी जवळून बघितलंय का? सगळं वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं. मधला १० चा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, बॉलपेननं टेकवल्यासारखा. बघून छातीत धस्स होतं. पण नियम असा की छऱ्याची कड त्या ठिपक्याला शिवली तरी १० मिळतात. छरा ४.५ चा. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटर लांब पडला तरी १०. माझ्या धंद्यात अडीच मिलिमीटर म्हणजे जॉब भंगारात. इथं तेवढी सूट आहे, आणि रायफलीची परीक्षा या अडीच मिलिमीटरमध्येच घ्यायची असते.

क्लबातल्या सरांच्या ओळखीनं एक डेमो रायफल दोन दिवसांसाठी मिळाली. शेडमध्ये १० मीटर मोजून चिंध्यांनी गच्च भरलेली पेटी ठेवली, मागं जाड पत्रा, दार आतून बंद. रायफल जुन्या चादरीच्या घड्यांत गुंडाळून वाईसमध्ये (जॉब पकडायच्या शिकंज्यात) हलकी धरली. (चादर सोलापुरीच, दुसरी कुठली असणार.) माणूस बाजूला काढला की उरतं ते रायफलीचं. टार्गेटच्या कार्डांवर पाच-पाच छरे मारले. क्लबात रोज वापरतात त्या स्वस्त छऱ्यांनी पाच भोकांचा पसारा बाहेरून बाहेर ९.७ मिलिमीटर आला. त्यातून छऱ्याचे ४.५ वजा केले की मध्य ते मध्य ५.२. मग परदेशी मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या छऱ्यांचा डबा उघडला. ७.१ बाहेरून, म्हणजे २.६.

२.६ चा पसारा मधोमध बसवला तर पाचच्या पाच १० मध्ये जातात, वर जागाही उरते. स्वस्त छऱ्यांचा ५.२ काठावरचा, एखादा ९ देणारच. रायफल तीच आणि वाईसही तोच. जो फरक पडला तो छऱ्याच्या डब्यानं पाडला.

त्या वेळी पुतणीच्या १० छऱ्यांचा पसारा १८ च्या वर होता. १८ मधले २.६ रायफलीचे, बाकी खांद्याचे, श्वासाचे, शाळेतून थकून आल्याचे. तीन लाखांची आणली असती तर २.६ चे एक झाले असते. बाकीचं जिथल्या तिथं.

पण नळी चांगली म्हणजे सगळं चांगलं असं नाही. देशी रायफलीत पैसे कुठं वाचवलेत ते बघायचं, आणि ते बाहेरून दिसत नाही. बाहेरून रंग झकास असतो.

मागची साईट बघा. बारीक भोकाची पीप साईट, तिला क्लिकच्या चकत्या. मी उजवीकडं १० क्लिक फिरवले, परत डावीकडं १० आणले आणि कार्ड मारलं. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, जागेवर आला नाही, दीड मिलिमीटर बाजूला पडला. कुठल्याही टर्नरला हे लगेच कळेल. लेथच्या क्रॉस स्लाईडला असतो तसाच बॅकलॅश, स्क्रू आणि नटमधली ढील. आपण काय करतो? हवं त्याच्या पलीकडं जातो आणि नेहमी एकाच बाजूनं मापावर येतो. पुतणीला तेच शिकवलं. डावीकडं जायचं असलं तरी चार क्लिक जास्त जा आणि मग उजवीकडं परत ये. आता तिला ते पाठ आहे. गड्ड्यावरच्या पोरासारखं.

माझी सगळी पारख त्या पोरावरच उभी आहे. रायफल थोडी वाकडी असली तरी मला चालते, पण ती रोज तेवढीच आणि त्याच बाजूला वाकडी हवी. आज एक, उद्या दुसरं करणारी नको.

या कसोटीवर ट्रिगर नापास झाला. त्याला बारीक भांडं टांगून वजनं टाकत गेलो. कधी ९० ग्रॅमला सुटला, कधी १४०. पोरगी श्वास रोखून बसलीय आणि घोडा कधी सुटेल याचा भरवसा नाही, हे फार वाईट. सरांनी खोलून बघितलं तर आत ग्रीसचा चिखल आणि एक स्क्रू ढिला. साफ करून, स्क्रू नीट बसवल्यावर १०५ ते ११५ मध्ये आला. मग ठीक. पण नव्वद हजार मोजणाऱ्यानं हे का करावं? कारखान्याच्या शेवटच्या टेबलावर अर्धा तास जास्त दिला असता तर हे झालं नसतं.

हवेचा दाब आणखी एक. सिलेंडर २०० बारला भरतात. आपल्या मोटारसायकलच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे पंक्चरवाल्याकडं न्यायची सोय नाही. (दादानं खरंच विचारलं होतं.) आतला रेग्युलेटर प्रत्येक छऱ्याला सारखी हवा देतो का, ते वेग मोजायच्या यंत्रावर कळतं. सरांकडं होतं. १० छऱ्यांत १६८ ते १७२ च्या मध्ये राहिला. समजा पाच मीटरचा फरक पडला, १७० आणि १६५. दहा मीटर जाईपर्यंत पहिला साधारण १७ मिलिमीटर खाली येतो, दुसरा १८. म्हणजे उभ्या रेषेत एक मिलिमीटर नुसत्या हवेनं खाल्ला. त्यामुळं दुकानदार "पॉवर लई आहे" म्हणून रंगात आला तर त्याला म्हणा, पॉवर राहू दे, दहा छऱ्यांचे आकडे दाखव.

नळीचं तोंडही बघून घ्या. कानात घालायची कापसाची काडी तोंडाच्या कडेनं फिरवा. कापसाचे धागे अडकले तर तिथं बर (कापताना राहिलेली धातूची बारीक कूस) आहे, ती रायफल परत करा. आमची स्वच्छ निघाली.

स्टॉकवरून, म्हणजे खांद्याला लावायच्या दस्त्यावरून, मात्र मी चिडलोय. पुतणी ३८ किलोची, रायफल ४.३ किलोची. नियमात साडेपाचपर्यंत चालते, त्यामुळं वजनाची तक्रार नाही. पण मागची खांद्याला टेकणारी बटप्लेट सगळी आत घेतली तरी तिच्या हाताला स्टॉक लांबच. ती कमरेतून मागं झुकून नेम धरायची आणि रात्री वहिनी पाठीला तेल चोळायच्या. १३-१४ वर्षांची पोरं हेच यांचं मोठं गिऱ्हाईक, आणि माप मात्र सहा फुटी गड्याचं! शेवटी बटप्लेटचे दोन दांडे मी लेथवर धरून ३० मिलिमीटरनं आखूड केले. पाऊण तासाचं काम. वॉरंटी गेली असेल, गेली तर गेली. ज्यांच्या घरात टर्नर नाही त्यांनी विकत घ्यायच्या आधी पोराला खांद्याला लावून दहा मिनिटं उभं करा. दुकानदार घाई करेल, करू दे.

दुरुस्तीचा अनुभवही लिहायला हवा. दुसऱ्या महिन्यात हवा गळायला लागली. रात्री काटा १९० वर, सकाळी १४०. आतला एक ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेला होता, किंमत काही रुपये. पण २०० बारच्या सिलेंडरला घरी हात लावायचा नसतो, मीही लावला नाही. कुरिअरनं पाठवली, परत यायला १९ दिवस, आणि त्यातच जिल्ह्याची स्पर्धा. पोरीनं क्लबाची जुनी रायफल घेऊन मारलं आणि रडत घरी आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारू नका. घेताना एवढंच विचारा की सुट्टे सील सोबत देता का, आणि जवळपास ते बसवणारा कोण आहे.

काही जण म्हणतील, मग जुनी परदेशीच का घेऊ नये? घ्या, पण सिलेंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. तारीख उलटलेला सिलेंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायचा तर स्वस्ताईचा हिशेब कोसळतो. बाजूच्या दांड्यानं हवा दाबायच्या जुन्या जर्मन रायफली फार सुंदर असतात, त्यांना सिलेंडरच नसतो. पण तो दांडा साठ वेळा ओढायला १३ वर्षांच्या पोरीचा हात पुरत नाही. आणि स्प्रिंगवाली, पंचवीस-तीस हजारांची? शाळेच्या स्पर्धेत ओपन साईटला (पीप साईटशिवाय, साध्या खाचेतून नेम धरायच्या प्रकाराला) चालून जाते. पण घोडा दाबल्यावर आतला पिस्टन धावतो आणि छरा नळीतून निघायच्या आत रायफल हलते. ती सवय मोडायला नंतर वर्ष जातं असं सर म्हणतात, आणि मला ते पटतं.

तर उत्तर: हो, देशी सिलेंडरवाली घ्या. एक लाखाच्या आत पहिल्या तीन वर्षांसाठी ती पुरून उरते. फक्त डोक्यात असू द्या की खर्च तिथं संपत नाही. पोरगी रोज ७० छरे मारते, ५०० चा डबा आठवड्यात रिकामा. शिवाय जॅकेट, बूट, पुण्याच्या फेऱ्या. म्हणून आम्ही रोजच्याला स्वस्त डबा ठेवलाय आणि मॅचचा डबा स्पर्धेआधी चार दिवस उघडतो. त्या दिवशी साईट परत लावावी लागते, दोन डब्यांचा ग्रुप एका जागी पडत नाही.

परवा दादा म्हणाला, "मग परदेशी कधी घ्यायची?" मी त्याला लेथच्या वर चिकटवलेली दोन कार्डं दाखवली. एक वाईसचं, २.६. त्याच्या शेजारी पोरीनं स्वतःचं सगळ्यात चांगलं आणून लावलंय, १० छऱ्यांचं, १२ मिलिमीटर, खाली पेन्सिलनं तारीख. १८ वरून १२ वर यायला तिला सात महिने लागले. ते चारवर आलं की बोलू म्हटलं.

ती मात्र दर रविवारी येते आणि वाईसचं कार्ड काढून परत मोजते. मी चुकीचं मोजलंय असा तिला संशय आहे.