अपडेट बंद करू नका, त्याची वेळ ठरवा

‘विंडोजचं अपडेट कायमचं बंद करा’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत जाऊन ते डिसेबल कसं करायचं, हेही त्यात असतं. कारणं अशी: जुलै 2024 मध्ये अपडेटनेच जगभरची विमानं थांबवली, लहान माणसाच्या मागे कोण हॅकर लागतो, अँटीव्हायरस असला की पुरे, आणि अपडेट म्हणजे कॉम्प्युटर स्लो करून नवा विकायची युक्ती. छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम आहे, आणि हा सल्ला मानून बंद ठेवलेली मशीन मला नेहमी दिसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

विमानांचा मुद्दा लोकांना सर्वांत जास्त पटतो. 19 जुलै 2024 ला सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. खरं आहे. पण ते अपडेट मायक्रोसॉफ्टचं नव्हतंच. क्राउडस्ट्राइक कंपनीचं फाल्कन हे सुरक्षा सॉफ्टवेअर मोठ्या संस्था वापरतात. त्याची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली. विंडोज अपडेट बंद असतं तरी ती मशीन पडलीच असती.

‘लहान माणसाच्या मागे कोण लागतो’ हे मला सर्वांत धोकादायक वाटतं. मे 2017 मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस कोणाच्याच मागे लागला नव्हता. तो इंटरनेटवर एकेका कॉम्प्युटरचा पत्ता ठोठावत फिरत होता. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली भेग, म्हणजे सुरक्षेतली त्रुटी, बुजवलेली नसली की आत शिरायचा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचा. कोणी लिंक उघडायचीही गरज नव्हती. त्या भेगेचं अपडेट 14 मार्चलाच आलं होतं, हल्ला झाला 12 मे रोजी. जवळजवळ दोन महिने हातात होते! तरी सुमारे दीडशे देशांत मशीन अडकली आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या.

पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या व्हायरसने तीच भेग वापरली, आणि त्याची झळ थेट न्हावा-शेवापर्यंत आली. मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या, तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या टर्मिनलचं काम विस्कळित झालं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरला होता. म्हणजे अपडेटची वाटही विषारी होऊ शकते. पण आत आल्यावर तो जे मार्ग वापरून पसरला, त्यातला एक मार्ग, मार्चचं अपडेट टाकलेल्या मशीनवर, बंद होता.

अँटीव्हायरस हवाच, पण तो भेग बुजवत नाही. आलेल्याला ओळखायचा प्रयत्न करतो. शिवाय अपडेट जाहीर झालं की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय दुरुस्त केलं ते शोधतात. म्हणून अपडेट आल्यानंतर ते न टाकलेलं मशीन आधीपेक्षा जास्त उघडं पडतं.

आता स्लो होण्याची तक्रार. ती खोटी नाही. जुनी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असलेल्या मशीनवर अपडेट सुरू झालं की तासभर काही हलत नाही. तिथे रॅम वाढवून एसएसडी बसवली तर फरक लगेच कळतो. ॲपलने जुन्या बॅटरीचे आयफोन अपडेटमधून मंद केल्याचं डिसेंबर 2017 मध्ये कबूल केलं, तेव्हा संशय हवेतून आलेला नाही. ऑक्टोबर 2018 च्या विंडोज 10 च्या अपडेटने काहींच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचं वाटप थांबवावं लागलं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि धडधाकट मशीनसुद्धा विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, याचा रागही रास्त आहे. पण यातून निघतं ते एवढंच, की घाई करू नका आणि बॅकअप ठेवा.

घाई न करण्याची सोय विंडोजमध्येच आहे. घरी ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे तुमच्या कामाच्या वेळा, नीट भरा, म्हणजे त्या वेळेत मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाचं, असं ठरवा. ‘पॉज’ने पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं.

ऑफिसात मी असं करतो. मायक्रोसॉफ्टचं मासिक सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतं. ते आधी एकाच मशीनवर जाऊ देतो. त्यावर टॅली उघडते का, डिजिटल सहीचा टोकन चालतो का, प्रिंट निघते का, हे पाहायचं. आठवड्याभरात बाकीच्या मशीनवर. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हा उशीर ‘ग्रुप पॉलिसी’ या सेटिंगमधून कायमचा लावता येतो. सीएच्या ऑफिसात 31 जुलैच्या आधीचा, आयकर रिटर्नच्या गर्दीचा आठवडा मी पॉजवर ठेवतो आणि ऑगस्ट उजाडला की पॉज काढतो. महिनाअखेरीला येणारी ‘प्रिव्ह्यू’ अपडेट ऐच्छिक असतात, ती खुशाल सोडा. ब्राउझर मात्र रोज पूर्ण बंद करून उघडा, नाहीतर त्याचं अपडेट उतरूनही लागू होत नाही.

मेसेज वाचून तुम्ही सर्व्हिस आधीच डिसेबल केली असेल, तर सेटिंग्जमध्ये अपडेट हिस्टरी उघडून शेवटची तारीख बघा. ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल, तर आधी कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग सर्व्हिस सुरू करा आणि शनिवारी संध्याकाळी मशीन चार्जरला लावून ठेवा. साचलेलं सगळं उतरायला दोन-तीन रीस्टार्ट लागतील.