धुऱ्यावरचा स्टार कसं व्हायचं

भाऊ, गावात राहून फेमस व्हायचं म्हणता ना, मग एक ध्यानात ठेवा, केलेल्या कामाले किंमत नाही, टाकलेल्या फोटोले आहे. पोळ्याच्या दिवशी, ज्याले वर्षभर मूठभर कुटार टाकलं नाही त्या बैलाच्या गळ्यात हात घाला, पांढरं शर्ट, काळा गॉगल, खाली लिहा 'शेतकरीपुत्र असल्याचा अभिमान'. बैल ओळखत नाही म्हणून मान झटकते, झटकू द्या, दहा-बारा टेक लागतातच. आमच्या पुतण्याचं असंच चालू होतं, अन् दादा कासरा धरून उभे, "झालं का बे? तोरणाखाली न्या लागते बैलाले!" तर हा म्हणते, "बाबा, थोडं सरका, तुमची बनियान येऊन राह्यली फ्रेममधे."

मग मनातलं. घरी मायनं विचारलं काय झालं रे, तर "काई नाई" म्हणून दार लावायचं, अन् आतून स्टेटस टाकायचं, 'काही लोकं कायमचे मनातून उतरले'. नाव अजिबात लिहायचं नाही, तीच तर गंमत. संध्याकाळपर्यंत अकोल्याची मावशी फोन करते, "माह्यावर राग हाय का त्याचा?" आणि व्ह्यू किती, 340!

ग्रीक कथेतला नार्सिसस पाण्यात स्वतःचं तोंड पाहत बसला अन् तिथंच झुरून मेला, नार्सिसिझम हा शब्द त्याच्यावरूनच आला. आपल्या विहिरीत एप्रिलमधे तोंड दिसण्याइतकं पाणी राहत नाही, म्हणून फ्रंट कॅमेरा. जून 2020 मधे टिकटॉक बंद झालं तेव्हा मले धास्ती होती, पोट्टे आता वावरात जातात की काय, पण जुलैतच रील्स आले, वाचलो.

अन् बोट थांबू देऊ नका. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारली की दरवेळी दाणा नाही, कधी मिळे कधी नाही, तर ते पाखरू चोच मारतच राहे. आपल्या गावातल्या वरलीवाल्याले हे प्रयोगाशिवाय समजते, आकडा रोज लागला असता तर कोणी खेळलंच नसतं. लाईकचंही तसंच, दर दोन मिनिटानं पाहायचं, जेवताना तर पाहायचंच, वरणाचा हात लागला तरी स्क्रीन पुसता येते.

बॅटरीचं तेवढं सांभाळा. शेतीची लाईन रात्री बारा वाजता आली तर दादा बॅटरी घेऊन मोटर चालू कराले वावरात जातील, सापकिरडाचे दिवस आहेत, पण तुम्ही आधी फोन चार्जिंगले लावा.