दोनशे पंधरा, पंच्याहत्तर, पंधरा

टायरच्या कडेवर जे माप कोरलेलं असतं, ते ज्या समितीने ठरवलं तिचे सभासद एकमेकांशी बोलत नसावेत, असा माझा दाट संशय आहे. १९५/८० आर १५. यातले १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. १५ म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या रिमचा व्यास, आणि तो इंचांत. मधला 'आर' रेडियलचा. तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. स्थळाची माहिती देताना मुलाची उंची फुटांत, वजन शेरांत आणि पगार बापाच्या पगाराच्या टक्क्यांत सांगावा, तसला हा कारभार. टायर उभा केला तर केवढा, हे हवं असेल तर कागद घेऊन बसायचं. १९५ चे ८० टक्के १५६, वर एक भिंत आणि खाली एक म्हणून ३१२, त्यात पंधरा इंचांचे ३८१, एकूण ६९३ मिलिमीटर. हे गणित मला हल्ली झोपेतसुद्धा सुटतं. बायको म्हणते, मोठ्याने सुटतं.

आमच्याकडे मारुतीची जिम्नी आहे, चारही चाकांवर चालणारी. पुण्यात फोर व्हील ड्राइव्ह कशाला, असं विचारणाऱ्यांना माझी सासुरवाडी माहीत नाही. उंब्रजवरून आत वळून पाटण गाठायचं, तिथून डोंगराकडे निघायचं, आणि डांबर जिथे संपतं तिथून सासऱ्यांचं शेतातलं घर सुरू होत नाही. आधी लाल चिखल सुरू होतो. जुलैमध्ये त्या वाटेवर गाडी जाते की वाट गाडीखालून जाते, हे सांगता येत नाही. त्यात कंपनीचे टायर घासून गुळगुळीत झालेले. नवे घ्यायला हवेत, इथवर घरात एकमत होतं. "जरा मोठेच घालावेत का?" असं मी जेवताना म्हणालो आणि एकमत संपलं.

भाच्याकडे उत्तर तयारच होतं. "मामा, दोनशे पस्तीस पंच्याहत्तर. डोळे मिटून." भाच्याकडे गाडी नाही, पण मोबाइल आहे. मी डोळे उघडे ठेवून हिशेब केला. २३५/७५ आर १५ म्हणजे ७३३ मिलिमीटरला थोडा वर, आपल्यापेक्षा चाळीसने उंच. पण गाडी चाकाच्या मधोमध टांगलेली असल्यामुळे ती उचलली जाणार वीसच मिलिमीटर. पैसे चाळीसचे, माल वीसचा. आईला हे वीससुद्धा मान्य नव्हते. तिचे गुडघे आताच त्या गाडीला हात जोडतात. "अरे, मग डिकीत एक पाट ठेव," ती म्हणाली, "देवाजवळचा नको, स्वयंपाकघरातला."

पाटावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण २३५ रुंदीच्या टायरला किमान सहा इंच रुंदीचं रिम लागतं आणि आमचं साडेपाचाचं. म्हणजे रिम बदला. रिम घ्यायला गेलं की दुकानदार पीसीडी विचारतो, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप. ते असतं १३९.७. दशांश चिन्हानंतरचा सात पाहून मी दबून गेलो होतो, पण ते सरळ साडेपाच इंच निघाले. कुणीतरी मिलिमीटरची टोपी घालून बसवलेत, एवढंच. मग ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसणार ते. तो चुकला की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, चिखल थेट काचेवर येतो, बेअरिंगवर भार वाढतो आणि ट्रॅफिक हवालदाराला आपण लांबूनच आवडायला लागतो. चाक आत राहिलं तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासतो. घासू नये म्हणून गाडी उंच करणारं लिफ्ट किट. लिफ्ट केली की एक्सल जागेवरून सरकतो, त्याला सरळ करायला आणखी एक दांडा. मी टायर घ्यायला निघालो होतो आणि हळूहळू दुसरी गाडी जमवत होतो.

एवढं करून मीटरचं काय? टायर मोठा झाला की एका फेरीत जास्त अंतर कापतो, पण मीटरला हे कुणी कळवत नाही. तो ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या घरात असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं. हे मी बायकोला उत्साहाने समजावलं. पेट्रोलची वही ती लिहिते. "म्हणजे मीटर खोटं बोलणार," ती म्हणाली, "आणि मी वही खरी ठेवायची." वर प्रत्येक गिअर लांब होतो, म्हणजे चढावर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, ते वेगळंच. १४६२ सीसीच्या इंजिनाला खंबाटकीचा घाट आताही थोडा विचार करायला लावतो. मोठ्या चाकांनी तिथे वरच्या गिअरमध्ये जायची हौस फिटली असती.

बरं, रुंद टायर चांगला की अरुंद? या प्रश्नावर फोर बाय फोरवाल्यांत दोन घराणी आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाही. रुंदवाले म्हणतात, टायर तरंगला पाहिजे. अरुंदवाले म्हणतात, टायर चिखल कापून खालच्या कठीण जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या तालुक्यांत. किनाऱ्यावरच्या वाळूत पहिलं खरं, पाटणच्या वर दुसरं. आणि दोघांनाही न आवडणारी गोष्ट अशी की थोडी हवा कमी केली की आहे तोच टायर पसरतो आणि जमीन धरतो. फुकट होतं म्हणून या उपायाला मान नाही. (परत डांबरावर आल्यावर हवा भरायची असते, हे मात्र फुकटवाले विसरतात.)

नक्षीचं एवढं अवघड गेलं नाही. एचटी रस्त्यासाठी, एमटी चिखलासाठी, एटी दोन्हीसाठी थोडाथोडा. एमटीवर मन गेलं होतं, पण एमटी घातलेल्या एका मित्राच्या गाडीतून साताऱ्यापर्यंत गेलो. तो वाटेत बरंच काही सांगत होता. टायरच्या आवाजात काय ते ऐकू आलं नाही, मी शिरवळला चहाला थांबल्यावर विचारून घेतलं. एटी ठरलं.

दुकानात टायरवरचा उरलेला मजकूर वाचायला मिळाला. आमच्या जुन्या टायरवर ९६ एस लिहिलेलं. ९६ म्हणजे एका टायरने ७१० किलो पेलायचे, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालेल. १८० चं आमच्या गाडीला आणि मला दोघांनाही हसू आलं. ७१० चं नाही आलं. सासुरवाडीहून परतताना तांदूळ, नाचणी, फणस आणि "हे एवढंसंच" म्हणून दिलेली पोती भरली की हा एकच आकडा आपल्या बाजूने उभा असतो. मग कडेवरच्या चौकटीतले चार आकडे पाहिले : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

"काका, हा तर चार वर्षांपूर्वीचा आहे."

"साहेब, सावलीत ठेवलाय," काका म्हणाले. "हातही लावलेला नाही कुणी."

तेच तर म्हणत होतो मी.

निर्णय शेवटी फोनवर लागला, आणि तो सासऱ्यांनी लावला. त्यांनी माझं घराण्यांचं निरूपण शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जावईबापू, हिकडं टायर फाटलं तर तुमच्या त्या मापाचं पाटणात गावंल का?"

गावणार नव्हतं. कराडातही शोधावं लागलं असतं. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावी, पंक्चरच्या दुकानाबाहेर एका मापाचा टायर हमखास टांगलेला असतो : २१५/७५ आर १५, बोलेरोचा. मी कागद काढला. ७०३ मिलिमीटर आणि वर अर्धा. मूळ टायरपेक्षा दीड टक्का मोठा. तीन टक्क्यांच्या आत राहावं, असं जाणते सांगतात. साडेपाचाच्या रिमवर बसतो. गाडी पाच मिलिमीटर उचलली जाते, आईच्या गुडघ्यांना पत्ता लागत नाही, पाट स्वयंपाकघरात राहतो. भाचा दोन दिवस बोलला नाही. सरपंचांच्या गाडीचं माप घातलं, हे त्याला मित्रांत सांगता येईना.

स्टेपनीसकट पाच नवे एटी घालून आम्ही पावसात निघालो. लाल चिखल आला, मी चारही चाकांना सावकाश पण जोर देणारा फोर लो टाकला, हवा कमी केली, आणि गाडी खरोखर झकास वर गेली. वर अंगणात सासऱ्यांची बोलेरो उभी होती. मागच्या दोनच चाकांवर चालणारी, टायरवर नक्षी शोधावी लागेल अशी. सकाळी डेअरीला दूध घालून आली होती.

सासरे गाडीभोवती फिरले, मागच्या दारावरच्या स्टेपनीपाशी थांबले आणि आकडा बोट फिरवत वाचला. "आमच्याच मापाचं की वो!" त्यांचा चेहरा उजळला. जेवण होईपर्यंत गड्याने माझ्या रिमवरचा नवा कोरा टायर उतरवून त्यांच्या बोलेरोला चढवला होता आणि बोलेरोचा टकला टायर माझ्या रिमवर.

"ऱ्हाऊ द्या," सासरे म्हणाले. "स्टेपनीच तर हाय. फिरतंय कुठं?"

घरी आल्यावर बायकोने वही काढली, 'टायर : पाच' खोडलं आणि 'साडेचार' लिहिलं.