“मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?”

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी विमा कंपनीतून फोन आला. आवाज इतका मऊ की माहेरचंच कुणी विचारपूस करतंय असं वाटावं. “मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना? कुणाला लागलं वगैरे नाही ना?”

मी म्हणाले, “नाही हो, अगदी ठणठणीत आहे.”

सिग्नलला उभी होते आणि मागून एक गाडी येऊन आदळली, एवढाच प्रसंग. पण तिसऱ्या दिवशी मान अशी आखडली की कूस बदलायलासुद्धा डोकं हाताने उचलावं लागायचं. मागून धक्का बसला की मानेचं दुखणं बरेचदा एक-दोन दिवसांनी सुरू होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. उपचाराचा खर्च मागितला तर पत्र आलं: ‘दुखापत झाली नसल्याचे आपण स्वतः दूरध्वनीवर कळविले आहे.’ माझं “ठणठणीत” फायलीला लागलं होतं!

आता तो फोन कुणाचा होता ते सांगते. माझ्या कंपनीचा नव्हे. ज्याने ठोकलं त्याच्या कंपनीचा. हा फरक मला तेव्हा कळलाच नाही, विमा कंपनी म्हणजे विमा कंपनी असंच डोक्यात. आपल्या कंपनीला घडलेलं सगळं खरं आणि वेळेत सांगायला आपण कराराने बांधलेले असतो. समोरच्याच्या कंपनीशी आपला करारच नसतो. ती चौकशी करते ती आपल्याला किती कमी द्यावं लागेल हे बघायला. यात त्या मुलीचा दोष नाही, ती तिचं काम करत होती आणि चांगलं करत होती. मीच गप्पा मारायला बसले. “डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सांगता येणार नाही, जे विचारायचं ते लेखी पाठवा,” एवढं म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण कुणी आपुलकीने विचारलं की आपण तोंडभरून उत्तर देतो, अंगवळणीच पडलेलं असतं ते.

असंच दुसरं वाक्य म्हणजे “सॉरी”. गाडीतून उतरल्या उतरल्या आपण ते म्हणून टाकतो, चूक कुणाचीही असो. पुढे तेच ‘चालकाने चूक मान्य केली’ असं होऊन परत येऊ शकतं. चूक कुणाची हे गाड्यांच्या खुणांवरून ठरू द्या. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तर धडकेआधीच्या साधारण ५ सेकंदांचा वेग आणि ब्रेक यांची नोंदसुद्धा राहते.

मग गाडीचं नुकसान किती ते ठरवणारे सर्व्हेअर आले. बारीक टॉर्च घेऊन बंपरवरून, मग डिकीच्या पत्र्यावरून अंगठा फिरवला, तिथल्या एका ओरखड्यावर थांबले आणि म्हणाले, “हे जुनं आहे.” माझा पारा चढला. पण खरं सांगायचं तर तो ओरखडा जुनाच होता. चरीत मळ बसलेला, कडेचा पत्रा गंजलेला. ताज्या ओरखड्यात पत्रा चकाकतो आणि समोरच्या गाडीचा रंग घासून लागलेला असतो. त्या माणसाला त्याचं काम येत होतं. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीवर झालं. बंपर बाहेरून जवळजवळ सरळ दिसत होता, म्हणून त्यांनी खर्च किरकोळ धरला. प्लॅस्टिकचा बंपर दबून पुन्हा आपल्या जागी येतो. आतली लोखंडी पट्टी येत नाही. गॅरेजवाल्याने बंपर उतरवला तेव्हा ती पट्टी मधोमध वाकलेली आणि डिकीच्या तळाला सुरकुती पडलेली. नशीब, तोवर मी ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे एवढ्या पैशांत सगळं मिटलं असं लिहून देणाऱ्या, कागदावर सही केली नव्हती. ती सही झाली की नंतर आत काय निघेल ते सहसा आपल्या खिशातून. त्या दिवशी मात्र सकाळपासून तीन फोन आले होते, “मॅडम, आज सही पाठवलीत तर आजच पैसे.” पैसे देताना एवढी घाई कुणी करत असेल तर थोडं थांबावं, असं मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे.

घसाऱ्यावरून, म्हणजे भाग जुना झाला म्हणून पैसे कापतात त्यावरून, लोक फार चिडतात. मला तो पटतो. अर्धं झिजलेलं टायर फुटलं तर नव्याची पूर्ण किंमत कुणी का द्यावी? पण कुठल्या भागावर किती टक्के कापले ते ओळीओळीने दाखवा. नुसता खालचा आकडा दाखवून “नियमाप्रमाणे आहे” म्हणू नका. कुठला नियम, पॉलिसीतलं कुठलं कलम, हे विचारलं की पलीकडचा आवाज लगेच बदलतो, अनुभव घेऊन बघा. गाडी ‘टोटल लॉस’मध्ये, म्हणजे दुरुस्तीपलीकडची म्हणून, काढली तरी हेच: तिची किंमत कशी काढली ते लेखी मागायचं.

आणि एक गोष्ट कायम ऐकवली जाते, की विमा हा विश्वासाचा करार आहे, तुम्ही काही लपवू नका. बरोबरच आहे. हे तत्त्व १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात मांडलं. पण त्यांनी ते दोन्ही बाजूंना लागू केलं होतं, आणि त्या खटल्यात हरला होता तो विमा देणारा. हे मात्र फोनवर कुणी सांगत नाही.

आता माझी एक वही आहे. तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं. फोन ठेवला की लगेच त्यांनाच मेल: ‘आत्ता आपलं असं बोलणं झालं, काही चुकलं असेल तर कळवा.’ सासरे हसले होते, म्हणाले, “कोर्टात जायचंय का सूनबाई?” पण वाकलेल्या पट्टीचे पैसे त्या वहीवरूनच मिळाले, कारण ‘गाडी उघडल्यावर बघू’ हे सर्व्हेअरचं वाक्य तारखेसकट तिच्यात होतं आणि त्या मेलला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

मानेचं प्रकरण अजून चालू आहे. डॉक्टरांचं लेखी मत आणि तपासण्या पाठवल्यात. परवा पुन्हा तोच मऊ आवाज, “मॅडम, आता कसं वाटतंय?” मी म्हटलं, “मेल करा ना, कळवते.”